गॅसचे सिलिंडर आणि शाळेचे स्वयंपाकघर

आपल्या प्राथमिक शाळांच्या आवारात दाबाखालील वायूने भरलेले एक पात्र आता जवळजवळ रोज हाताळले जाते, ही गोष्ट आपण शिक्षक मंडळी सहसा ध्यानात घेत नाही. विज्ञानपेटीतील तेजाबाची बाटली आपण कुलपात ठेवतो, विजेची उघडी तार दिसली तर मुलांना ओरडून दूर करतो. परंतु पोषण आहाराच्या खोलीतील सिलिंडर हे भांड्याकुंड्यांपैकीच एक मानून मोकळे होतो. कारखान्यात असे पात्र ज्याच्या हाती द्यावयाचे त्या कामगाराला आधी चार गोष्टी शिकवल्या जातात. आपल्या शाळेत ते जिच्या हाती असते ती मदतनीस बाई बहुधा चुलीवर स्वयंपाक करीत वाढलेली असते, आणि चुलीचे शहाणपण गॅसला जसेच्या तसे लागू पडत नाही. चुलीचा धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो आणि वर जातो. सांडलेला गॅस दिसत नाही आणि खाली जातो. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते बव्हंशी या एका भेदातून निघते.

मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शाळांतून शिजवलेलेच अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि शाळेला स्वयंपाकघर आले. प्रारंभी तेथे सरपणच जळत असे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपरावर चढली व ९४ बालके मृत्यू पावली. तेथे गॅस नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. गॅस आला म्हणजेच संकट आले असे नव्हे. सरपणाच्या धुरापासून मदतनीस बाईची छाती व डोळे वाचले, हा गॅसचा उपकारच आहे. मात्र उपकार करणाऱ्याचा स्वभाव ओळखून असावे.

सिलिंडरात काय असते

आपण ज्याला गॅस म्हणतो तो प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण होय. दाब दिला असता नेहमीच्या तापमानासही हे मिश्रण द्रवरूप होते, म्हणून सिलिंडरात मुख्यतः द्रवच असतो. पात्र हलविले असता आतून डचमळल्याचा जो भास होतो तो याच द्रवाचा. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो व मोठ्यात १९ किलो माल भरतात. पात्र काठोकाठ कधीच भरत नाहीत. ऊन लागले म्हणजे द्रव फुगतो, त्यासाठी वर मोकळी जागा राखलेली असते. या जागेत वायू असतो व तोच नळीवाटे शेगडीकडे जातो. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच ते सात किलो, उन्हाळ्यात त्याहून अधिक. रेग्युलेटर हा दाब सुमारे ३० ग्रॅमवर आणतो. म्हणजे रेग्युलेटर हे केवळ बटण नव्हे, तो एक दरवान आहे.

एक लिटर द्रवाचा बाहेर आल्यावर सुमारे २५० लिटर वायू होतो. हा आकडा पाठ असावा, कारण एका सार्वत्रिक चुकीचे उत्तर त्यात आहे. सिलिंडर संपत आले की ते आडवे पाडण्याची, हलविण्याची, थंडीच्या दिवसांत कढत पाण्याच्या घमेल्यात ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. चार दिवसांचा गॅस अधिक मिळाला, असे समाधानही त्यात असते. परंतु पात्र आडवे होताच वरची वायूची जागा बाजूला सरते व तोंडाशी द्रव येतो. तो द्रव नळीत शिरला म्हणजे जेथे एक माप वायू जावयाचा तेथे अडीचशे मापे जातो आणि शेगडीची ज्योत पुरुषभर उंच उठते. सिलिंडर नेहमी उभेच ठेवावे, हा नियम एजन्सीच्या कागदावर छापलेला असतो; त्याचे कारण मात्र कोणी सांगत नाही. कारण कळल्यावर तो नियम मोडण्याची इच्छाच होत नाही, असा माझा अनुभव आहे.

या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा अत्यंत दुर्गंधी पदार्थ अल्प प्रमाणात मिसळतात. कुजलेल्या कोबीसारखा, काहींच्या मते मेलेल्या उंदरासारखा तो वास असतो. या दुसऱ्या उपमेने एके दिवशी आमच्यावर मोठाच प्रसंग आणला होता.

एका सोमवारची गोष्ट

मी त्या वेळी एका चार शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. शनिवारी दुपारी शाळा सुटली ती सोमवारी सकाळीच उघडली. तांदळाचे पोते काढून देण्यासाठी मी नेहमीपेक्षा थोडा लवकर आलो, तो मदतनीस मावशी खोलीच्या दारात उभ्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, पोत्यांमागं उंदीर मेलेला दिसतोय, लई घाण सुटलीय. खिचडी चढवते आन् मग हुडकते.” त्यांनी आत जाऊन दिव्याचे बटण दाबून पाहिले होते, वीज गेलेली होती म्हणून काडेपेटी शोधावयास त्या बाहेर आल्या होत्या. वास माझ्याही नाकात गेला. तो उंदराचा नव्हता, तरी उंदराचाच प्रताप होता. रबरी नळी एका बाजूने कुरतडलेली होती आणि रेग्युलेटर शनिवारपासून चालू होता. शेगडीची बटणे तेवढी बंद केली होती.

आम्ही मागचे दार व खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि मुलांना दूरच्या वडाखाली बसविले. सिलिंडर संपत आलेले होते, हेही आमचे भाग्यच. वीज असती तर बटणाच्या आत उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी होती.

नंतर मी त्यांना विचारले, “मावशी, एवढा वास आला तर थांबायचे नाही का?” त्यांनी दिलेले उत्तर मी अजून विसरलो नाही. “थांबले असते तर जेवणाला उशीर झाला असता. साहेब आले तर म्हणतात, आहार वेळेवर का नाही. पोरं भुकेली, आन् बोल मला.” त्या बाईंना गॅसचे भय नव्हते असे नाही. आहाराच्या वेळेचे भय अधिक होते, आणि ते त्यांच्या मनात घालणाऱ्यांत मीही होतो. वास आला तर काम थांबविण्याचा अधिकार तुमचा आहे, हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते.

त्याच दिवशी पोषण आहाराच्या नोंदवहीत मी लिहिले की, गॅसचा वास आल्यास मदतनिसांनी स्वयंपाक सुरू करू नये. आहारास होणाऱ्या विलंबाची जबाबदारी मुख्याध्यापकाची राहील. ते त्यांना वाचून दाखविले व खाली दोघांनी सह्या केल्या. शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे की, या लेखातील अन्य काही जमले नाही तरी एवढी एक नोंद आपापल्या शाळेत अवश्य करावी.

वास आल्यास काय करावे ते येथेच सांगून टाकतो. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. मुख्य स्विच खोलीबाहेर दूर असेल तर तेवढा तेथून बंद करावा. खोलीत मोबाईल वापरू नये. रेग्युलेटर बंद करून काढावा, तोंडावर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवावी, दारे-खिडक्या उघडून मुलांसह बाहेर पडावे आणि दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे; गॅसगळतीसाठी तो रात्रंदिवस चालू असतो. आग लागलीच तर १०१. गळती कोठे आहे हे काडी ओढून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. ती परीक्षा साबणाच्या फेसाने करावी; गळत असेल तेथे बुडबुडे येतात.

खोली कशी असावी

गॅस हवेच्या सुमारे दीड ते दोन पट जड आहे. तो जमिनीलगत पसरतो, उंबरठ्याशी अडतो, मोरीच्या तोंडातून खाली उतरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. आपली स्वयंपाकघरे मात्र धूर मनात धरून बांधलेली असतात : झरोका वर, छपराशी, आणि खाली पावसाचे पाणी येऊ नये म्हणून उंच उंबरठा. गॅसच्या दृष्टीने हे एक भांडेच झाले. जमिनीलगत भिंतीत जाळीची एक-दोन भोके पाडून घेणे फारसे खर्चाचे काम नाही. सिलिंडर खड्ड्यात, कपाटात किंवा मोरीलगत ठेवू नये. शेगडी ओट्यावर म्हणजे सिलिंडरच्या वर असावी, त्याचेही कारण हेच. जमिनीवर मांडलेल्या भट्टीकडे सांडलेला गॅस सरळ चालत जातो.

सर्वांत घातक प्रकार मात्र निराळाच आहे. गॅस अवेळी संपला तर अडचण नको म्हणून अनेक शाळांतून त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात चूल ठेवलेली असते. नवे सिलिंडर येते, जोडले जाते आणि चुलीत निखारे तसेच असतात. चूल ठेवावयाचीच असेल तर ती बाहेर, वेगळ्या पडवीत असू द्यावी.

सिलिंडर घेताना व जोडताना

टेम्पोतून सिलिंडर उतरवून घेताना ते गडगडत आणू देऊ नये. त्याने बूड व तोंड दोन्ही दुखावतात. कंपनीचे सील शाबूत आहे की नाही ते पाहावे. सील काढल्यावर तोंडात थोडे पाणी घालून बुडबुडे येतात का ते आणणाऱ्याकडूनच पाहून घ्यावे, आणि आतील रबरी वॉशर जागेवर असल्याची खात्री करावी. रिकाम्या पात्राचे वजन त्यावर लिहिलेले असते; त्यात १४.२ किलो मिळविले म्हणजे भरलेल्या घरगुती पात्राचे वजन येते. सातवीच्या मुलांकडून हे गणित करवून घेता येईल, व मापात फरक असल्यास तोही कळेल.

वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर व दोन आकडे रंगविलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. ‘सी २७’ असे असेल तर त्या पात्राची दाबपरीक्षा सप्टेंबर २०२७ अखेर झाली पाहिजे. मुदत टळलेले पात्र परत करावे. एजन्सीचा माणूस कुरकुर करील. त्याला करू द्यावी.

नळी आय. एस. आय. शिक्क्याची व दीड मीटरपेक्षा लांब नसावी. पाच वर्षांनी ती बदलावीच. तडा किंवा दाताची खूण दिसली तर त्याच दिवशी. रोज काम संपल्यावर प्रथम रेग्युलेटर बंद करावा, नळीतील उरलेला गॅस जळून जाऊ द्यावा आणि मग शेगडीची बटणे फिरवावीत. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी रेग्युलेटर काढून टोपी लावावी. टोपी दोरीने सिलिंडरला बांधलेली येते ती याच कामासाठी. आमच्याकडे ती प्रथम मुलांच्या भोवऱ्यांच्या खेळात जाते.

वर्गात घेण्याचा पाठ

इयत्ता सहावी-सातवीसाठी हा पाठ एका तासिकेत होतो. साहित्य : रुंद तोंडाची काचेची खोल बरणी, एक आखूड व एक उंच मेणबत्ती, तीन-चार चमचे खाण्याचा सोडा, पाच-सहा लिंबांचा रस. दोन्ही मेणबत्त्या बरणीच्या तळाशी घट्ट चिकटवून उभ्या कराव्यात. उंच मेणबत्तीही बरणीच्या काठाखालीच राहिली पाहिजे. तळाशी सोडा पसरावा, मेणबत्त्या पेटवाव्यात व रस कडेने हळूच सोडावा. फसफसून कार्बन डायॉक्साइड वायू निघतो. हा वायूही हवेच्या सुमारे दीडपट जड. प्रथम आखूड मेणबत्ती विझते, थोड्या वेळाने उंच.

वायू डोळ्यांना दिसला नाही, पण तो तळापासून पाण्यासारखा चढत गेला, हे मुलांना येथे प्रत्यक्ष समजते. घाईने सांगून टाकू नये. प्रथम कोणती विझेल असे आधी विचारावे. बहुतेक मुले उंच मेणबत्तीचे नाव घेतात. मग सांगावे की, आपला वायू ज्योत विझविणारा होता म्हणून हा खेळ करता आला; स्वयंपाकाचा गॅस याच वाटेने चढतो, पण ज्योत भेटताच तो स्वतःच पेटतो. खऱ्या गॅसवर प्रयोग करण्याचा विषयही काढू देऊ नये.

यानंतर फळ्यावर एक उदाहरण घ्यावे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा स्वयंपाकघरात गॅस जमिनीपासून एक फूट उंचीपर्यंत पसरला आहे. हवेत दर शेकडा सुमारे दोन भाग गॅस झाला की ते मिश्रण पेट घेण्याजोगे होते. एका घनफुटात २८.३ लिटर, व एक लिटर वायूचे वजन सुमारे २.२ ग्रॅम. तर किती ग्रॅम गॅस पुरेसा होईल? शंभर घनफूट म्हणजे २,८३० लिटर. त्याचे दोन टक्के सुमारे ५७ लिटर. वजन सुमारे १२५ ग्रॅम. भरलेल्या घरगुती सिलिंडराचा हा शंभरावा हिस्साही नव्हे. गणित सुटल्यावर आमच्या वर्गात जी शांतता पसरली, ती मला कोणत्याही भाषणाने मिळविता आली नसती. सिलिंडर ‘फुटले’ असे आपण बातम्यांत वाचतो त्यांपैकी पुष्कळ वेळा पात्र शाबूत असते. खोलीत पसरलेला गॅस पेटलेला असतो. पात्र खरोखर फुटते ते बहुधा बाहेरून आगीत सापडून तापल्यावर.

गावातील इतर सिलिंडरे

परिसरभेटीत मुले वेल्डिंगच्या दुकानासमोर उभी राहतात. तेथील काळे, पांढऱ्या खांद्याचे उंच पात्र ऑक्सिजनचे. त्यात द्रव नसतो. वायूच दाबून दाबून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोपर्यंत भरलेला असतो. असे पात्र आडवे पडून त्याचे तोंड तुटले तर ते तोफगोळ्यासारखे सुटते, म्हणून ते साखळीने भिंतीशी बांधलेले असावे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु त्याच्या सान्निध्यात तेल व ग्रीस आपण होऊन पेट घेऊ शकतात. तेलकट हाताने त्याचा वॉल्व्ह उघडू नये. २०२०-२१ च्या साथीत ही पात्रे खेड्यापाड्यांतील उपचार केंद्रांतही आली होती, तेव्हा हे माहीत असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

शेजारचे तपकिरी-तांबूस पात्र ॲसिटिलीनचे. हा वायू नुसता दाबला तर स्वतःच स्फोट पावतो, यास्तव १८९७ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद व हेस यांनी काढलेल्या युक्तीप्रमाणे तो ॲसिटोन या द्रवात विरघळवून, सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या पात्रात ठेवतात. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी याच वायूवर आपोआप पेटणारे व विझणारे दीपगृहांचे दिवे तयार केले व १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. त्याच वर्षी सिलिंडरांची सुरक्षितता तपासताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. तरीही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम करीत राहिले, आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वयंपाकाची एक नवी शेगडी शोधून काढली. वाचनाच्या तासाला ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

यात्रेत येणारा फुगेवाला हा शेवटचा विषय. त्याच्या फुग्यात बहुधा हायड्रोजन असतो, आणि पुष्कळदा तो एखाद्या जुन्या, गंजलेल्या पात्रात कॉस्टिक सोडा व ॲल्युमिनियम यांपासून जागच्या जागीच तयार केला जातो. या क्रियेत उष्णताही निर्माण होते. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने दाब वाढतो, आणि तो मोजावयास त्या पात्रावर काहीच नसते. भोवती उभी असतात ती आपलीच मुले. अशा पात्रांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, परंतु नागपूरचा अधिकारी प्रत्येक जत्रेत पोहोचणार नाही. यात्रेपूर्वी आठ दिवस मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस व पोलीसपाटलांस पत्र देऊन, फुग्यांचा गॅस जागेवर तयार करणाऱ्यास गावात बसू देऊ नये, असे कळवावे. पत्राची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि यात्रेच्या आदल्या दिवशी परिपाठात ते मुलांना वाचून दाखवावे.